नगराध्यक्ष ते महापौर : लातूर व नांदेड येथील शहरप्रमुखपदाची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठीतील ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी घडविला. ‘मेयर’ या परभाषिक शब्दाची जागा त्याने इतक्या सहजतेने घेतली की, तो घडविलेला शब्द आहे याचे भानही आज उरलेले नाही. पौर म्हणजे नगरवासी आणि नगरवासीयांत जो थोर तो महापौर. शब्द भारदस्त आहे. त्या भारदस्तपणास साजेसा अधिकार महाराष्ट्रातील महापौरपदास लाभला काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. महापौरांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते, परंतु त्यातील बहुतांश मजकूर पद कोणाला मिळाले, कोणाचे हुकले, कोणी कोणाला साथ दिली आणि कोणी राजीनामा दिला यांविषयी असतो. महापौराने शहरासाठी कोणता निर्णय घेतला व तो चुकला की बरोबर ठरला, यावर वाद झाल्याची उदाहरणे शोधावी लागतात.

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर ही दोन शहरे या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. नांदेड व वाघाळा या दोन नगरपरिषदा एकत्र करून १९९७ मध्ये नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका स्थापन झाली. लातूरची महानगरपालिका २०११ मध्ये अस्तित्वात आली. दोन्ही शहरांनी राज्याला मुख्यमंत्री आणि देशाला गृहमंत्री दिले. दोन्ही शहरांत महापौरपदावरून वाद झाले. हे वाद व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षेतून उद्भवले असे सामान्यतः मानले जाते. ते पदाच्या रचनेतूनच उद्भवतात आणि नगराध्यक्षाचा महापौर होताना शहराने नावात जे कमावले ते उत्तरदायित्वात गमावले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नगराध्यक्षपदाचा वारसा :

शंकरराव चव्हाण यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ नांदेड नगरपालिकेतून झाला. पन्नासच्या दशकात ते या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. पुढे ते दोनदा राज्याचे मुख्यमंत्री झाले व केंद्रात गृहमंत्रिपदापर्यंत पोहोचले. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर हे १९६७ मध्ये लातूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पुढे विधानसभा, लोकसभा, लोकसभेचे अध्यक्षपद आणि २००४ ते २००८ या काळात केंद्रीय गृहमंत्रिपद अशी त्यांची वाटचाल झाली. शेजारच्या दोन जिल्ह्यांतील दोन नगराध्यक्ष देशाचे गृहमंत्री व्हावेत, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. त्या काळी नगराध्यक्षाची खुर्ची ही राजकारणाची पहिली शाळा होती. नळ, गटार, दिवाबत्ती, जकात आणि कर्मचाऱ्यांचे पगार यांचा हिशेब ज्याला जमला, त्याला पुढचा वर्ग मिळे.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. चव्हाण व पाटील हे दोघेही जनतेतून थेट निवडून आलेले नगराध्यक्ष नव्हते; ते सदस्यांनी निवडलेले होते. त्यामुळे थेट निवडणूक असली की पद समर्थ आणि नसली की दुबळे, असे सोपे समीकरण मांडता येणार नाही. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात नगराध्यक्ष हा स्थायी समितीचाही पदसिद्ध सभापती असतो. म्हणजे सभेचे अध्यक्षस्थान आणि खर्चाच्या मंजुरीचे स्थान एकाच व्यक्तीकडे येते. महानगरपालिकेत या दोहोंची फारकत होते. स्थायी समितीचा सभापती वेगळा असतो आणि कार्यकारी अधिकार कायद्यानेच आयुक्तांच्या ठायी असतात. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो, समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतो, आयुक्तांकडून माहिती व अहवाल मागवू शकतो. आणि शहराचा प्रथम नागरिक म्हणून पाहुण्यांचे स्वागत करतो. आयुक्तांना परत पाठविण्याची मागणी सभागृह करू शकते, परंतु त्यासाठी एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांची आवश्यकता असते. एवढे बहुमत कोणत्याही एका पक्षाजवळ क्वचितच असते.

शहर मोठे झाले म्हणजे त्याच्या प्रमुखाचे अधिकारही वाढावेत, अशी सामान्य माणसाची अपेक्षा असते. कायद्याने नेमके उलट घडविले आहे.

लातूर : २००१ चा प्रयोग :

२००१ मध्ये राज्यात नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांकडून करण्याची पद्धत लागू झाली आणि लातूरकरांनी डॉ. जनार्दन वाघमारे यांना निवडून दिले. ही निवड अनेक अर्थांनी असाधारण होती. डॉ. वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या साहित्याचे मराठीतील साक्षेपी अभ्यासक, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. कुलगुरुपदावरून उतरलेल्या माणसाने नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहावे, हे अनेकांना खालच्या पायरीवर येणे वाटले असणार. वस्तुतः विद्यापीठाच्या कारभारापेक्षा एखाद्या वाढत्या शहराचा कारभार अधिक कठीण असतो, हे त्या टीकेत ध्यानात घेतले गेले नाही.

वाघमारे यांच्या नावाभोवतीचा वाद मुख्यतः शिक्षणक्षेत्रातील होता. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने जी अभ्यासपद्धती राज्यभर गाजली, तिच्या जडणघडणीत शाहू महाविद्यालयाचा व पर्यायाने त्यांचा मोठा वाटा होता. या पद्धतीने ग्रामीण विद्यार्थ्यांना वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाचे दार उघडले, असे तिचे समर्थक सांगतात. तिने गुणांची शर्यत आणि शिकवणीचा बाजार वाढविला, असे टीकाकार सांगतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र या वादाचा एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. तो एका माणसाने केलेल्या कामाविषयीचा वाद होता. काम होते, म्हणून त्यावर आक्षेप घेता आला. महापौरपदाच्या वादांकडे वळताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

थेट निवडीची पद्धत निर्दोष नव्हती. अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती राज्यातील अनेक नगरपालिकांत उद्भवली आणि कामे अडली. ज्या अमेरिकन समाजाचा वाघमारे यांनी अभ्यास केला, त्या समाजाच्या इतिहासात या पेचाचे ठळक उदाहरण सापडते. १९८३ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर थेट मतदारांकडून निवडून आले, परंतु ५० सदस्यांच्या सभागृहात २९ जणांचा गट त्यांच्या विरोधात उभा राहिला. नेमणुका आणि ठराव अडविले जाऊ लागले. न्यायालयाच्या आदेशाने १९८६ मध्ये काही प्रभागांत पुन्हा निवडणुका झाल्या, तेव्हा कोठे बळ समसमान झाले आणि महापौरांच्या निर्णायक मताला अर्थ आला. वॉशिंग्टन यांची तीन वर्षे झगड्यात गेली हे खरे. पण कोण कोणत्या कामाला विरोध करीत आहे, हे शिकागोच्या नागरिकाला दिसत होते. झगडा उघड्यावर होता आणि त्याचा न्याय मतदार करू शकत होता.

महाराष्ट्रात मात्र थेट निवडीच्या पद्धतीबाबत राज्यकर्त्यांचेच मन कधी स्थिर राहिले नाही. २००१ चा प्रयोग पुढे गुंडाळला गेला. २०१६ मध्ये तो पुन्हा आला, २०२० मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये परत आणला गेला. सत्तेवर जो पक्ष येतो त्याच्या सोयीने नियम फिरतो. महापालिकांच्या बाबतीत तर १९९८ मध्ये मुंबईत ‘महापौर परिषद’ ही पद्धत आणून वर्षभरातच मागे घेण्यात आली. मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश या शेजारी आणि उत्तरेकडील राज्यांत महापौर थेट निवडला जातो. महाराष्ट्राने महापौराच्या बाबतीत ते कधी केले नाही.

महानगरपालिका झाल्यानंतरचे लातूर :

एप्रिल २०१२ मध्ये लातूर महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली. ७० जागांपैकी काँग्रेसला ४९, राष्ट्रवादी काँग्रेसला १३ जागा मिळाल्या. भारतीय जनता पक्षाला एकही जागा मिळाली नाही. स्मिता खानापुरे या शहराच्या पहिल्या महापौर झाल्या. विलासराव देशमुख यांच्या राजकीय प्रभावाचा तो अखेरचा मोठा विजय ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, एप्रिल २०१७ मध्ये, चित्र संपूर्ण पालटले. भाजपने शून्यावरून ३६ जागांवर झेप घेतली, काँग्रेस ३३ वर आली आणि सुरेश पवार हे भाजपचे महापौर झाले.

खरा वाद निर्माण झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. अडीच वर्षांची मुदत संपल्यावर महापौरपदाची पुन्हा निवड झाली. सभागृहात बहुमत भाजपचे असतानाही काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे महापौर झाले, कारण भाजपच्या काही सदस्यांनी काँग्रेसला साथ दिली. त्यांच्यापैकी चंद्रकांत बिराजदार हे उपमहापौर झाले. मुंबईत राज्याच्या सत्तेची जुळवाजुळव चालू असतानाच हे घडल्यामुळे लातूरची निवड राज्यभर चर्चेत आली. एका बाजूने हा विश्वासघात ठरविला गेला, तर दुसऱ्या बाजूने अंतर्गत नाराजीचा परिणाम.

पक्षांतर योग्य की अयोग्य, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. त्यासाठी १९८६ चा कायदा आहे. महत्त्वाचा प्रश्न असा की, या सत्तांतराने लातूरच्या सामान्य नागरिकाच्या दृष्टीने काय बदलले? पाण्याचे वेळापत्रक, कचऱ्याचे ढीग, मालमत्ताकराची आकारणी या गोष्टी आयुक्तांच्या कार्यालयातून पूर्वीप्रमाणेच चालत राहिल्या. निवडून दिलेल्या पक्षाकडून महापौरपद दुसऱ्या पक्षाकडे गेले आणि त्यासाठी मतदाराला कोणी विचारले नाही. आणि विचारले असते तरी त्याला फार काही गमावल्याची जाणीव झाली असती, असे म्हणवत नाही. पदाची ही हलकी अवस्थाच त्याच्यासाठी होणाऱ्या चढाओढीला मोकळे रान देते. ज्या खुर्चीवर बसून जबाबदारीचे ओझे उचलावे लागत नाही, तिच्यासाठी झुंजण्यास कोणालाही संकोच वाटत नाही.

नांदेड : मुदतीचे तुकडे :

नांदेडचा अनुभव वेगळा, परंतु त्याचे तात्पर्य तेच. १९९७ मध्ये राज्यात युतीचे शासन असताना शिवसेनेचे सुधाकर पांढरे शहराचे पहिले महापौर झाले. पुढे काँग्रेसचे वर्चस्व प्रस्थापित झाले. २००८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी यांच्या परलोकगमनाच्या आणि गुरू ग्रंथसाहिबास गुरुपद दिल्याच्या घटनेस ३०० वर्षे पूर्ण झाली. या निमित्ताने आणि जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहरात रस्ते, पूल, मलनिस्सारण यांची मोठी कामे झाली. आधुनिक नांदेडचा चेहरा ज्या काळात घडला तो हा काळ होय. परंतु या कामांचे श्रेय वा दोष सांगताना नांदेडकर मुख्यमंत्र्यांचे, पालकमंत्र्यांचे आणि अधिकाऱ्यांचे नाव घेतो. महापौराचे नाव त्याला आठवावे लागते. हा त्या महापौरांचा दोष नव्हे. निधी केंद्राचा, मंजुरी राज्याची, अंमलबजावणी आयुक्तांची. महापौराच्या वाट्याला कोनशिला आली.

२०१२ च्या निवडणुकीत ८१ पैकी ४१ जागा घेऊन काँग्रेसने काठावरचे बहुमत राखले. त्याच निवडणुकीत एमआयएमने ११ जागा जिंकून महाराष्ट्राच्या राजकारणात प्रवेश केला. २०१७ मध्ये काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा जिंकल्या. भाजपला ६, शिवसेनेला एक जागा मिळाली. एवढ्या प्रचंड बहुमतानंतर महापौरपद स्थिर राहावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात २०१७ ते २०२२ या एका कार्यकाळात शीला भवरे, दीक्षा धबाले, मोहिनी येवनकर आणि जयश्री पावडे अशा चार महापौर झाल्या. कायद्याने अडीच-अडीच वर्षांचे दोन महापौर अपेक्षित असताना पक्षांतर्गत वाटणीने मुदतीचे चार तुकडे झाले.

लातूरला बहुमत काठावरचे होते म्हणून महापौरपद अस्थिर झाले असे म्हणावे, तर नांदेडला बहुमत अफाट असूनही ते अस्थिरच राहिले. म्हणजे संख्याबळ हे कारण नव्हे. अधिक लोकांना समाधानी करण्याचे साधन म्हणून पदाचा उपयोग होतो आणि तसा तो करता येतो, कारण वर्ष-सव्वा वर्षात महापौर बदलल्याने प्रशासनाचे काही अडत नाही.

या चारही महापौर महिला होत्या. त्यांच्या आधी २०१५ ते २०१७ या काळात शैलजा स्वामी महापौर होत्या. म्हणजे सुमारे सात वर्षे नांदेडच्या सर्वोच्च नागरी पदावर सातत्याने महिला राहिल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने व त्यानंतरच्या आरक्षणविषयक कायद्याने घडविलेला हा बदल लहान नव्हे. पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठवाड्यात याची कल्पनाही कोणी केली नसती. परंतु महिला महापौर म्हटले की कारभार पती पाहतात, असा शेरा मारण्याची सवय समाजाला जडली आहे. हा शेरा मारणारे हे विसरतात की, पुरुष महापौराच्या हातीही कारभार नसतोच. अधिकार नसलेल्या पदावर महिला बसली की तिचे दुबळेपण दिसते, पुरुष बसला की पदाचे दुबळेपणही दिसत नाही. ज्या काळात हे पद महिला आणि मागास प्रवर्ग यांच्यासाठी खुले झाले, त्याच काळात ते अडीच वर्षांचे आणि नामधारी झाले, हा विरोधाभास सामाजिक न्यायाच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने तपासण्याजोगा आहे. दार उघडले, परंतु आतील तिजोरीची किल्ली दुसऱ्या खोलीत ठेवली गेली.

पाणी आणि उत्तरदायित्व :

पदाची कसोटी संकटात लागते. लातूरवर ते संकट २०१६ मध्ये आले. शहराची तहान भागविणारे धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती व टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. पाण्यासाठी कलम १४४ लावण्याची वेळ आलेले शहर म्हणून लातूरचे नाव देशभर झाले. १२ एप्रिल रोजी मिरजेहून १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. पुढे ५० वाघिणींतून २५ लाख लिटर पाणी आणले जाऊ लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आणण्याचा हा उपक्रम प्रशासकीयदृष्ट्या यशस्वी ठरला, यात शंका नाही.

जमावबंदीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा होता. रेल्वे केंद्राची होती. धरण पाटबंधारे खात्याचे आणि तेही शेजारच्या बीड जिल्ह्यात. शहराची वितरण व्यवस्था यापूर्वीच एका मोठ्या वादातून गेली होती. २००८ मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणामार्फत तिचे व्यवस्थापन दहा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे देण्यात आले, मीटर आणि दरवाढ यांवरून नागरिक रस्त्यावर उतरले आणि तो करार तडीस गेला नाही. या साऱ्या साखळीत महापौराची कडी कोठे होती? तहानलेल्या लातूरकराने आपल्या प्रथम नागरिकाकडे दाद मागितली असती, तर त्याच्या हाती बैठक बोलाविणे, निवेदन देणे आणि टँकरच्या फेऱ्यांसाठी आग्रह धरणे यापलीकडे फारसे काही नव्हते. मात्र निवडणुकीत राग निघाला तो सभागृहावरच. २०१७ च्या सत्तांतरामागे अनेक कारणे होती. पाण्याचे हाल हे त्यांतील एक असावे, असे मानण्यास जागा आहे. शिक्षा झाली ती अधिकार नसलेल्यांना. अधिकार असलेले अधिकारी बदलीवर गेले.

या मांडणीवर एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. नगरसेवकांच्या हाती अधिकार दिल्यास भ्रष्टाचार वाढेल, म्हणून कार्यकारी अधिकार तटस्थ अधिकाऱ्याकडे असणे हिताचे, असा तो आक्षेप आहे. ब्रिटिशकाळापासून चालत आलेला हा युक्तिवाद सुशिक्षित मध्यमवर्गात आजही लोकप्रिय आहे. त्यात काही अंशी तथ्य असले, तरी त्याचा न्याय राज्य आणि केंद्र यांना का लावला जात नाही, हे कळत नाही. मंत्र्याकडे खाते असते, सचिव त्याच्या हाताखाली असतो आणि चूक झाल्यास विधिमंडळात मंत्री उत्तर देतो. शहराच्या बाबतीतच लोकप्रतिनिधीला अविश्वासार्ह आणि अधिकाऱ्याला निष्कलंक मानले जाते. चव्हाण आणि पाटील यांच्यासारखे नेते ज्या शाळेत घडले, ती शाळा या अविश्वासाने बंद पाडली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

महापौराविना शहर :

मे २०२२ मध्ये लातूर महापालिकेची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर नांदेड महापालिकेची मुदत संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांकडे गेला. २०२५ च्या अखेरपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. ज्या पदासाठी २०१९ मध्ये पक्ष फुटला आणि ज्याचे नांदेडात चार तुकडे केले गेले, ते पद तीन वर्षांहून अधिक काळ रिकामे होते. या काळात अंदाजपत्रके मंजूर झाली, निविदा निघाल्या, कर गोळा झाला. महापौर नाही म्हणून शहर बंद पडले, असे झाले नाही. महापौर का नाही, असे विचारीत नागरिकांचा मोर्चा निघाल्याचेही ऐकिवात नाही. प्रश्न विचारावयाचा कोणाला, एवढीच अडचण वाढली.

दरम्यान राजकीय नकाशाही बदलला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले आणि नांदेडच्या सभागृहातील दशकांची समीकरणे मोडली. अखेर जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांसाठी मतदान झाले. मतदाराने आपल्या प्रभागातील एकाहून अधिक सदस्यांसाठी मते दिली. महापौरपदाचे नाव कोणत्याही यंत्रावर नव्हते. ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहील, याची सोडतही मतमोजणी झाल्यानंतर मुंबईत काढण्यात आली.